रोगाआधीची खूण

(परळी वैजनाथ येथील एका निवृत्त शालेय शिक्षकाने आकाशवाणीवरून केलेले भाषण)

ज्या गावाहून मी आपणांशी बोलावयास आलो आहे, त्या गावच्या दैवताचे नावच मुळी वैद्यनाथ आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या दोहोंना विष्णूने परळीच्या शिवलिंगात दडवून ठेवले, अशी आमच्याकडील पुरातन कथा आहे. तेव्हा वैद्यांच्या नाथाच्या सावलीत सारा जन्म घालविलेल्या माणसाने वैद्यकावर चार शब्द बोलावे, यात आपणांस कदाचित औचित्य वाटेल. परंतु आरंभीच सांगून टाकतो की, मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यापाड्यांतील मुलांना गणित व शास्त्राची तोंडओळख करून देऊन निवृत्त झालेला मी एक शिक्षक आहे. कर्करोगाच्या रेणवीय खुणा हा आजचा विषय विद्वानांचा आहे. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार ज्ञानाचा नसून ऋणाचा आहे. ते ऋण कोणाचे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणत असू, केज तालुक्यात मांजरा नदीच्या अलीकडच्या काठावरील एका लहानशा गावी दिली होती. 2000 सालच्या दिवाळीत ती भाऊबिजेसाठी परळीस आली. ओवाळणी झाली, फराळ झाला. रात्री स्वयंपाकघरात भांडी आवरताना तिने माझ्या पत्नीच्या कानाशी लागून सांगितले की, पाळी थांबून वर्ष होत आले होते, आणि आता पुन्हा अंगावरून जाऊ लागले आहे. पत्नीने ती गोष्ट मला सांगितली. मी काय केले? मी म्हणालो, “पाळी जाण्याच्या वयात असे व्हायचेच. काळजी करू नये म्हणावे.” हे मी कोठे वाचले नव्हते की कोणा जाणत्याला विचारले नव्हते. उदाहरण नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे कान पकडणाऱ्या मास्तराने स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत तेच केले. अक्काने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. भाऊ शिकलेला होता ना! पुढे आठनऊ महिन्यांनी दाजी तिला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आजूबाजूस पसरला होता. 2002 च्या मार्गशीर्षात ती गेली. तेव्हा तिचे वय बावन्न वर्षांचे होते.

तिच्या मागे पुष्कळ वर्षांनी मला एक गोष्ट वाचावयास मिळाली. ज्या वर्षांत अक्का रात्री उठून आपले डागाळलेले लुगडे कोणास न कळू देता धूत होती, त्याच वर्षांत नदीपलीकडच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास 2023 पासून आपण धाराशिव जिल्हा म्हणतो, तेथे गावोगावच्या निरोगी दिसणाऱ्या बायकांना गोळा करून त्यांच्या शरीरातील याच रोगाची पूर्वखूण शोधण्याचा एक प्रचंड प्रयोग चालू होता. त्या प्रयोगाने पुढे साऱ्या जगाचे मत बनविले. तो आमच्या शेजारी झाला आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. आज त्याचीच हकीकत आपणांपुढे ठेवावयाची आहे.

आपल्या आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत, त्यांत ‘पूर्वरूप’ म्हणून एक आहे. रोग उघडपणे प्रकट होण्यापूर्वी जी लक्षणे दिसतात ती पूर्वरूपे होत. कर्करोगाची अडचण अशी की, त्याचे पूर्वरूप डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही आणि दुखतही नाही. दुखू लागते तेव्हा ते पूर्वरूप राहिलेले नसते. म्हणून गेली पावणेदोनशे वर्षे शास्त्रज्ञ रक्तात, मूत्रात आणि पेशींत असा एखादा रेणू शोधीत आहेत, की जो सापडला असता आत काहीतरी बिघडले आहे असे अनुमान करता यावे. न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचे अनुमान करतात, तद्वतच हे आहे. परंतु त्याच न्यायशास्त्राने असाही इशारा देऊन ठेवला आहे की, दुरून दिसणारी धूळ किंवा धुके यांस धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान करील तर तो फसेल. हा इशारा आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

या शोधाचा आरंभ लंडनमध्ये झाला. 1845 साली तेथील एका किराणा व्यापाऱ्याच्या हाडांत असह्य वेदना होऊ लागल्या. त्याचे मूत्र हेन्री बेन्स जोन्स नावाच्या वैद्याकडे परीक्षेसाठी आले. ते तापविले असता त्यात साका धरे, अधिक उकळले असता तो विरघळे आणि थंड होऊ दिले असता पुन्हा दिसू लागे. हे विचित्र प्रथिन हाडांच्या मगजातील एका कर्करोगाची खूण होती, हे पुढे सिद्ध झाले. कर्करोगाची रसायनावरून ओळखलेली ही पहिली खूण मानली जाते. त्यानंतर अशा खुणा एकामागून एक सापडत गेल्या. 1963 मध्ये रशियात यकृताच्या कर्करोगाची, तर 1965 मध्ये कॅनडात आतड्याच्या कर्करोगाची खूण हाती आली. पुढे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी पीएसए आणि स्त्रियांच्या बीजांडकोशासाठी सीए-125 या रक्तपरीक्षा प्रचारात आल्या.

काही खुणांनी रोगाची नुसती वर्दी न देता त्याचे मर्मही दाखवून दिले. रक्ताच्या एका कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसते, असे 1960 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी आढळले. दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदलीने जोडले जातात, त्या सांध्यावर एक विकृत प्रथिन निर्माण होते आणि तेच पेशींना अखंड वाढावयास लावते, हे कळण्यास बरीच वर्षे गेली. मग नेमके त्या प्रथिनास जखडणारे इमॅटिनिब हे औषध 2001 साली आले, आणि जो रोग काही वर्षांत घेऊन जात असे तो गोळ्या घेऊन आवरता येऊ लागला. स्तनाच्या कर्करोगातही पेशींवर हर-2 नामक प्रथिन वाजवीहून अधिक आहे की नाही, हे पाहून औषध ठरवितात. कुलूप पाहून किल्ली निवडावी तसा हा प्रकार आहे.

परंतु निरोगी माणसांत रोग आगाऊ हुडकून काढावयाचा म्हटले की, धूर आणि धूळ यांचा प्रश्न उभा राहतो. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी नुसती वाढली, तीत कर्करोग मुळीच नसला, तरी पीएसएचा आकडा चढतो. सीए-125 चा आकडा गर्भारपणात, पाळीच्या दिवसांत किंवा पोटातील साध्या विकारानेही वाढू शकतो. ब्रिटनमध्ये 2,00,000 हून अधिक स्त्रियांवर अनेक वर्षे प्रयोग करून 2021 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, सीए-125 ची नियमित परीक्षा केल्याने बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. हे मी मुद्दाम सांगत आहे. शहरांतून हल्ली ‘संपूर्ण शरीरतपासणी’च्या जाहिरातींत अशा खुणांच्या परीक्षा एकत्र बांधून विकल्या जातात. ज्यास काही लक्षण नाही, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्या करून घेतल्यास पदरी चिंता पडण्याचा संभव अधिक. खूण सापडणे निराळे, आणि ती पाहिल्याने माणूस वाचणे निराळे. दुसरी गोष्ट केवळ प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही; ती हजारो जिवंत माणसांत, वर्षानुवर्षे मोजूनच सिद्ध करावी लागते.

आता गर्भाशयाच्या मुखाकडे वळू. हा कर्करोग कशाने होतो हे बरीच शतके गूढ होते. जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी 1983 व 1984 या वर्षांत या रोगाच्या पेशींत एका विषाणूचे दोन प्रकार शोधून काढले. तो विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा, अर्थात संक्षेपाने एचपीव्ही. आणि ते प्रकार सोळावा व अठरावा. 2008 साली या कार्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे शंभरातील सुमारे सत्तर कर्करोग होतात, आणि जवळजवळ प्रत्येक अशा कर्करोगात या कुळातील कोणता ना कोणता घातक विषाणू आढळतो.

पेशींमध्ये वाढीला लगाम घालणारी काही प्रथिने असतात. हा विषाणू आपली दोन प्रथिने निर्माण करून त्यांतील दोन मुख्य पहारेकऱ्यांना निकामी करतो. मग पेशी बेबंद वाढू लागते. मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. हा संसर्ग अत्यंत सामान्य आहे. विवाहित आयुष्यात तो बहुतेकांना केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांचे शरीर एकदोन वर्षांत तो आपोआप हुसकून लावते. ज्या थोड्या स्त्रियांत तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यांच्यातच पुढे धोका संभवतो. आणि त्यासही साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात. या विषाणूमुळे कोणा बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हे अज्ञान तर आहेच, पण पापही आहे.

येथे एका स्त्रीचे स्मरण करणे उचित होईल. 1951 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय गृहिणी याच रोगाने वारली. तिच्या गाठीतील पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि त्या आजतागायत जगभर वाढत आहेत. पुढे त्यांत अठराव्या प्रकारचा विषाणू सापडला. त्या पेशी घेताना तिला कोणी विचारले नव्हते. याच गाय यांच्याकडे आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे पुढील अभ्यासासाठी गेल्या होत्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयात, जे 1941 साली उघडले, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या होत्या. खानोलकरांनी 1952 साली मुंबईस कर्करोग संशोधनाचे केंद्र उभारले, आणि परत आलेल्या रणदिवेबाईंनी तेथे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा सुरू केली. कर्करोग पेशीच्या अंतरंगात शिरून समजून घ्यावयाचा, ही दृष्टी महाराष्ट्रात अशी सत्तर वर्षांपूर्वीच आली होती.

विषाणू ओळखला, म्हणजे खूण हाती आली. ती पाहतात कशी, हेही थोडक्यात सांगतो. गर्भाशयाच्या मुखावरून एका मऊ कुंचल्याने थोडा स्राव टिपून घेतात. यात कापणे नाही, टाके नाहीत. प्रत्येक सजीवाचे कुललक्षण डीएनए नावाच्या दुपदरी रेणूत लिहिलेले असते. विषाणूचेही तसेच. या स्रावातील डीएनएचे दोन पदर रसायनाने सुटे करतात. मग विषाणूच्या तेरा घातक प्रकारांशी जुळतील असे तयार धागे त्यात सोडतात. फाटलेल्या नोटेचा अर्धा तुकडा दुसऱ्या कोणत्याही नोटेच्या तुकड्याशी जुळत नाही, फक्त आपल्याच जोडीदाराशी जुळतो, तसे हे धागे विषाणूच्या पदराशीच चिकटतात. जुळलेली जोडी पकडून ठेवली की रसायनामुळे तीतून मंद प्रकाश बाहेर पडतो व तो यंत्राने मोजतात. प्रकाश दिसला, तर विषाणू आहे. येथे तपासनीसाच्या नजरेवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. याउलट जुन्या पद्धतीत पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहाव्या लागतात आणि त्यासाठी तयार नजर लागते. ती खेड्यात दुर्मिळ. तिसरी पद्धत स्वस्त व सोपी आहे. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखा द्रव, लावून कोठे पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहावयाचे.

या तिहींपैकी कोणत्या परीक्षेने बायका प्रत्यक्षात वाचतात? हा प्रश्न पुस्तकाने सुटण्यासारखा नव्हता. तो सोडविण्याचे काम बार्शीकडे आले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव भगवंताच्या देवळासाठी आणि बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी यांनी 1987 साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू केली होती. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील गावागावांत फिरून कोणास कोणता कर्करोग झाला, केव्हा झाला, माणूस जगला की गेला, हे टिपून ठेवण्याचे ते कार्य. असली टिपणे कंटाळवाणी दिसतात. पण त्यांच्यावाचून कोणतीही खूण खरी की खोटी हे ठरवता येत नाही. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांच्या सहकार्याने 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात प्रयोग सुरू झाला.

तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे 52 गट पाडले आणि कोणत्या गटास काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवयोगाने ठरविले. पहिल्या समूहात 34,126 स्त्रियांसाठी विषाणूच्या डीएनएची परीक्षा, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाची, तिसऱ्यात ॲसेटिक आम्लाची. चौथ्या समूहातील 31,488 स्त्रियांची परीक्षा करावयाची नव्हती; त्यांना रोगाची माहिती तेवढी दिली. परीक्षा प्रत्येकीची एकदाच. जिच्यात दोष आढळला तिची पुढील तपासणी व उपचार. मग आठ वर्षे वाट पाहिली.

बायका येतील का, हीच पहिली शंका होती. खेड्यातील स्त्री, शेतातील खुरपणी टाकून, आपल्या शरीराचा तो भाग परक्याला दाखवावयास यावी, ही आमच्याकडे सोपी गोष्ट नव्हे. पण डीएनए परीक्षेसाठी निवडलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ऐंशी आल्या. ज्या संकोचाचे कारण पुढे करून आपण शिकलेले लोक हातावर हात ठेवून बसतो, तो संकोच त्या बायकांनी, नीट समजावून सांगणारे कोणी भेटताच, बाजूला ठेवला.

2009 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांची परीक्षा झाली नाही त्या समूहात 118 स्त्रियांना हा कर्करोग झाला; त्यांपैकी 82 जणींचा रोग पुढच्या अवस्थेस गेलेला होता आणि 64 जणी दगावल्या. डीएनए परीक्षेच्या समूहात रोग 127 जणींत आढळला, परंतु पुढच्या अवस्थेतील फक्त 39, आणि मृत्यू 34. एकदा, केवळ एकदा केलेल्या परीक्षेने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन परीक्षांनी या प्रयोगात मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या प्रयोगात ॲसेटिक आम्लाची परीक्षा दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू शेकडा 31 ने कमी झाले. तेव्हा ती साधी पद्धतही टाकाऊ नाही.

माझ्या मते या निकालातील सर्वांत मोलाचा आकडा वेगळाच आहे. ज्यांच्यात खूण सापडली नाही, त्यांचे पुढे काय झाले? डीएनए परीक्षेत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत पुढे वर्षाकाठी लाखात 3.7 इतक्या जणींसच हा रोग झाला. सूक्ष्मदर्शकाने निर्दोष ठरलेल्यांत हेच प्रमाण 15.5, आणि ॲसेटिक आम्लाने निर्दोष ठरलेल्यांत 16.0 होते. म्हणजे या परीक्षेचा ‘नाही’ हा शब्द भरवशाचा आहे. तिचा ‘होय’ मात्र कर्करोग झाला असे सांगत नाही; शंभरात सुमारे दहा जणींत विषाणू सापडला आणि त्यांतील बहुतेकींना कर्करोग नव्हता. ‘होय’चा अर्थ एवढाच की, हिच्याकडे नीट पाहा. पाहिल्यावर पेशींत बदल दिसला, तर तो भाग गोठवून किंवा तारेने काढून टाकता येतो आणि कर्करोग होण्याआधीच टळतो. आरंभी सांगितलेली धूर आणि धूळ यांची कसोटी या खुणेने अशी दिली.

आता एका अवघड गोष्टीविषयी बोलले पाहिजे. चौथ्या समूहातील ज्या 64 स्त्रिया दगावल्या, त्यांचे काय? या प्रयोगास अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचे द्रव्यसाहाय्य होते. जेथे पैसा व परीक्षा दोन्ही उपलब्ध होती, तेथे तीस हजारांवर स्त्रियांस परीक्षेवाचून ठेवणे नीतीस धरून होते काय, असा प्रश्न पुढे काही विचारवंतांनी जाहीरपणे उपस्थित केला. प्रयोगकर्त्यांच्या बाजूने उत्तर असे की, त्या काळी या देशात अशी तपासणी कोठेच होत नव्हती, आणि तुलनेवाचून खूण खरी की नाही हे कळलेच नसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच या प्रश्नाचा निकाल मला देता येत नाही. मी फक्त माझ्या अक्काचा विचार करतो. ती नदीच्या पलीकडे असती, तर तिच्या गावाची चिठ्ठी कोणत्या समूहात निघाली असती? परीक्षा झाली असती तरी ती खात्रीने वाचली असती असेही मी म्हणत नाही. पण एक निश्चित. चौथ्या समूहातील स्त्रियांना निदान चिठ्ठीने वगळले होते. अक्काला तिच्या भावाच्या आळशी उत्तराने वगळले.

त्या स्त्रियांच्या जीवनमरणातून निघालेल्या ज्ञानाचे पुढे काय झाले? इतर देशांतील पुराव्यासह त्याचा विचार होऊन जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली अशी शिफारस केली की, शक्य तेथे डीएनए परीक्षाच प्रथम वापरावी. सर्वसाधारण स्त्रियांनी तिशीपासून ती दर पाच ते दहा वर्षांनी करावी. आणि स्त्रीने स्वतःच्या हाताने घेतलेला नमुनाही चालेल. संकोची स्त्रियांसाठी ही केवढी सोय! आणि ज्या मातीत हे सिद्ध झाले तेथील स्थिती काय? 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची या कर्करोगासाठी कधीतरी एकदा तपासणी झाली आहे, अशा भारतात शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत. आणि 2022 च्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे सव्वा लाख भारतीय स्त्रियांना हा रोग होतो व जवळजवळ ऐंशी हजार त्याने मरतात. खूण सापडली आहे, तिची सत्यता पटली आहे, पटवून देणाऱ्या स्त्रिया आमच्याच शेजारच्या होत्या, आणि तरीही आम्ही ती पाहावयास तयार नाही. अक्काच्या वेळी माझ्याजवळ अज्ञानाची सबब तरी होती. आता ती सबब उरली नाही.

म्हणून शेवटी, श्रोतेहो, शिक्षकाच्या सवयीने थोडासा गृहपाठ देतो. आपल्या घरी तीस वर्षांवरील ज्या स्त्रिया असतील, आई, पत्नी, बहीण, सून, त्यांची ही परीक्षा झाली आहे काय, हे या आठवड्यात विचारा. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईलाही विचारा. तिला सुट्टी व खर्च देणे आपल्यास जड नाही. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेले, दोन पाळ्यांच्या मध्ये गेले, किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर गेले, तर परीक्षेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कारण ते पूर्वरूप नव्हे, तो रोग दार ठोठावीत असण्याचा संभव आहे. घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर लशीविषयी डॉक्टरांस विचारा; 2023 सालापासून पुण्यातच तयार झालेली लस मिळू लागली आहे. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे वय झाल्यावर परीक्षा मात्र चुकवू नये. आणि पुरुषांस एक विशेष विनंती. घरातील स्त्रीने असे काही सांगितले, तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. आपल्यास ठाऊक नाही असे म्हणा, आणि तिच्याबरोबर चला.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीने आणि धाकट्या बहिणीने ही परीक्षा करून घेतली. धाकटीस प्रथम लाज वाटत होती. मी तिला अक्काच्या त्या दिवाळीची सगळी गोष्ट सांगितली. आजवर तिला ती ठाऊक नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हणाली, “चल दादा.” दोघींचाही निकाल निर्दोष आला. परतताना आम्ही वैद्यनाथाचे दर्शन घेतले. परळीस देवाच्या लिंगास प्रत्येक भाविकाला स्वतःच्या हाताने स्पर्श करता येतो. धाकटीने हात टेकला आणि पुटपुटत कोणाचे तरी नाव घेतले. मी ते विचारले नाही. मला ते ठाऊक होते.